पाटी बदलली, रस्ता कुणाचा?

(माळशिरस इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)

मित्रांनो, बायाबापड्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो, जयभीम.

मला निरोप होता की कवितेवर बोल. कवितेवर बोलणारे लई झालेत. मी गोदीत ठेकेदाराकडं माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. रात्रपाळी करून खोलीवर आलो की झोप येत नाही, तेव्हा वहीत जे खरडतो त्याला दोस्त लोक कविता म्हणतात. म्हणोत. आज मी रस्त्यांवर बोलणार आहे. मुंबईतल्या गिरणगावाच्या रस्त्यांवर. तारदेव, भायखळा, लालबाग, परळ, नायगाव, वरळी, शिवडी.

तुम्ही म्हणाल, माळशिरसात येऊन लालबाग-परळची काय टेप लावतोस? सांगतो. ते रस्ते ज्या पायांनी झिजले, त्यांतले काही पाय ह्या तालुक्यातले होते. त्यांतले दोन माझ्या आज्ज्याचे.

तुमच्या-माझ्या तालुक्यातून दरसाल ज्ञानोबांची पालखी जाते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर. त्या दिवसांत रस्ता सगळ्यांचा असतो. कुणी कुणाच्याही पाया पडतं. पालखी पुढं गेली की रस्ता परत ज्याचा त्याचा. आमच्या गावात आज्ज्याला पाटलाच्या गल्लीतनं जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. ही पेशवाईतली गोष्ट सांगत नाही. आज्जा अजून जिता आहे. तुम्हाला त्याच्या तोंडून ऐकवतो कधीतरी.

१९७२ चा दुष्काळ पडला. आज्जा आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. खडी फोडून जो रस्ता तयार झाला त्याच रस्त्यानं आज्जा मुंबईला गेला. तो म्हणतो, "रस्ता आमीच केला आन् आमीच पयले त्याच्यावरनं पळालो."

आता तो जिथं गेला त्या जागेचा इतिहास बघा. शाळेच्या पुस्तकात हा एका ओळीत उरकतात.

१८५३ साली बोरीबंदरपासून ठाण्यापर्यंत रेल्वे सुरू झाली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर ह्या पारशी व्यापाऱ्यानं तारदेवला कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांत तिचं सूत बाहेर पडायला लागलं. मग चिमण्यांमागं चिमण्या. शेतं, वाड्या, खाजणं होती तिथं गिरण्या आल्या. रस्ते कुणासाठी पडले? कापसाच्या गाठी गोदीतून गिरणीत न्यायला आणि कापडाच्या गाठी गिरणीतून गोदीत आणायला. माणूस त्या रस्त्यावर चालला, कारण भोंगा वाजला की त्याला फाटकात हजर व्हायचं होतं. त्याला राहायला काय? अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं, आणि एका नळावर साऱ्या चाळीची झुंबड.

दादरपासून खाली रेल्वेच्या कडेनं एक लांब रस्ता जातो. त्याला अजून लोक तुळशी पाइप रोड म्हणतात. पाटीवर सेनापती बापट मार्ग आहे. तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ त्या बाजूनं शहरात गेला म्हणून हे नाव पडलं. मला ह्या नावाचं लई हसू येतं आणि लई रागही येतो. पाण्याचा एवढा मोठा नळ उशाशी. त्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्या. आणि एके काळी त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांच्या पाण्याचं मडकं वेगळं. गावातली विहीर सोडून माणूस दोनशे कोस पळून आला, तर विहीर त्याच्या आधी येऊन बसलेली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गरिबाच्या खोल्यांतनं उंदीर आणि माणसं बरोबरीनं मेली. हजारो लोक शहर सोडून पळाले, गिरण्या बंद पडायची वेळ आली, तेव्हा सरकारला गटारं दिसली. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि काही चाळी बांधल्या. त्यांना बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत, दोन खोल्यांत, बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट झालं. त्याच्या त्या बीडीडी चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. एकूण २०७. तीन माळ्यांची सिमेंटची खोकी. एक खोली १६० फुटांची. संडास सामाईक.

आज्जा वरळीला मावसभावाच्या खोलीत उतरला. १६० फुटांत चौदा माणसं. कशी मावायची? पाळीनं. एक पाळी कामाला, एक झोपलेली, एक बाहेर ओट्यावर किंवा रस्त्यावर. म्हणजे बघा, रस्ता हा त्यांच्या घराचाच भाग होता. तिथं आंघोळ, तिथं जेवण, तिथं भजन आणि जलसा, तिथं सभा, तिथं मारामारी, तिथंच मयताची ताटी बांधायची. साहेबाच्या नकाशात ज्याला रोड म्हणतात, ती आमची बैठकीची खोली होती.

मग तुम्ही म्हणाल, वा, गावकुसाबाहेरचा माणूस शहराच्या भर रस्त्यावर आला. झाली की क्रांती! थांबा.

गिरणीत दोन मोठी खाती. एक सूतकताईचं, एक विणाईचं. विणाईत, म्हणजे साच्यावर, पगार जास्त. आपल्या माणसाला साच्यावर जाता येत नव्हतं. का? धाग्याची कांडी संपली की नवी भरताना धोट्याच्या भोकातून सूत ओठानं ओढून घ्यावं लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा मराठ्याच्या ओठाला कसा लागणार? बाटला ना माणूस! मालकानं असा कायदा केला नव्हता. मालकाला काय, कुणीही ओढा, सूत निघालं पाहिजे. ही बंदी बाजूला उभ्या असलेल्या कामगाराची होती. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा डौलानं फडकत होता. तेव्हा बाबासाहेबांनी रोखठोक विचारलं की विणाई खात्याचं दार आमच्यासाठी कधी उघडणार? जगातल्या कामगारांना एक व्हायला सांगणाऱ्यांना एका धोट्यापाशी कामगार एक करता आला नाही.

तरी आपण त्या रस्त्यांवर उतरलो, हेही विसरू नका. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक आणि लाल बावट्याचे लोक एकत्र आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कामगार मैदानावर एकाच सभेत बाबासाहेब आणि डांगे बोलले. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा गिरणगाव त्यांच्यासाठी बंद झालं. परळला कमल दोंदे गोळी लागून पडल्या. हे सगळं कुठं घडलं? ह्याच रस्त्यांवर.

आणि जानेवारी १९७४ सुद्धा ह्याच रस्त्यांवर घडला. आज्जा तेव्हा मुंबईत नवा होता. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात पँथरची सभा झाली. दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि चाळ चाळीवर उठली. १० जानेवारीला परळला मोर्चा निघाला. वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेले. वरून म्हणजे कुठून? कुठल्या मलबार हिलवरून नाही. गिरणगावातल्या इमारतीवरून. त्या दिवसांत ज्यांनी एकमेकांवर दगड उचलले, ते एकाच भोंग्याला उठणारे, एकाच रेशनच्या रांगेत उभे राहणारे, एकाच मुकादमाला शिव्या देणारे लोक होते. आज्जा ह्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही. एकदाच म्हणाला, "शेजारच्या चाळीतला माझा जोडीदार व्हता. म्हयनाभर आमी फाटकात शेजारी हुबं ऱ्हायचो आन् बोलत नव्हतो."

हे मी मुद्दाम सांगतोय. आता गिरणगावावर पुस्तकं निघतात, प्रदर्शनं भरतात. त्यांत सगळं कसं गोड असतं. भोंगा, खानावळ, दहीहंडी, एकमेकांची दुःखं वाटून घेणारी चाळ. होतं, तेही होतं. पण ज्यानं चाळीचं गोड गाणं गायचंय त्यानं तो वरून पडलेला दगडही गाण्यात घ्यावा. नाहीतर गप्प बसावं.

आता पाट्यांकडं येतो. पाट्यांवर पहिल्यांदा साहेब लोकांची नावं होती. डिलाईल रोड. आर्थर रोड. फर्ग्युसन रोड. एल्फिन्स्टन रोड स्टेशन. राज्य गेलं, पाट्या बदलल्या. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला. जोशी कामगारांचे पुढारी, हरकत नाही. आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग झाला. गुरुजींनी पंढरपूरच्या विठोबाचं दार आपल्यासाठी उघडावं म्हणून १९४७ साली उपोषण केलं होतं, त्यांचंही नाव असावं. फर्ग्युसन रोडचा गणपतराव कदम मार्ग झाला. जेकब सर्कलचा संत गाडगे महाराज चौक झाला. ज्या माणसानं जन्मभर हातात खराटा धरला त्याच्या नावाचा चौक, आणि तो पहाटे कोण झाडतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी पाट्यांच्या विरोधात नाही. नावासाठी आपली माणसं मेलीत. विद्यापीठाच्या नावासाठी सोळा-सतरा वर्षं मराठवाडा पेटत होता, तेव्हा कुठं १९९४ साली नामविस्तार झाला. नाव म्हणजे काय असतं हे आपल्याला कुणी शिकवू नये. पण माझा प्रश्न दुसरा आहे. पाटीवर आपला माणूस चढला, त्याच वेळी पाटीखालचा आपला माणूस कुठं गेला?

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. साठाच्या घरात गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आज्जा तेव्हाही बदलीच होता. बदली म्हणजे काय हे पोरांना ठाऊक नसेल. रोज फाटकात उभं राहायचं. कायम कामगार कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे. नाहीतर परत जा. दहा वर्षं आज्जा दुसऱ्याच्या गैरहजेरीवर जगला. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. तो आजतागायत चालूच आहे म्हणा. कित्येक गिरण्या परत उघडल्या नाहीत, उघडल्या त्यांनी निम्मी माणसं घेतली. आज्जीनं भांडी विकली, मग डोरलं विकलं. आज्जा गावाला परत आला आणि दुसऱ्याच्या उसाला पाणी धरायला लागला. माझा बाप वयात आल्यावर परत मुंबईला गेला, गोदीत. त्याच्यामागं मी.

गिरण्या मेल्या, पण जमीन जिती होती. सुमारे सहाशे एकर. तीही मुंबईच्या पोटात. १९९१ साली नियम झाला की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर तीन वाटे करा. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला बरं वाटतं ना? २००१ साली नियमात एक बारीक बदल केला. वाटे सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, फक्त जी जमीन मोकळी असेल तिचे. आणि गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळीकडं शेड, गोदामं, खाती. लोकांचा वाटा आकसला, मालकाचा फुगला. लोक कोर्टात गेले. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं नियम कायम ठेवला. ज्या शेडमध्ये आज्ज्याच्या नाकात कापूस गेला, ती शेड उभी होती म्हणून तिच्याखालची जमीन आज्ज्याच्या वाट्यात धरली नाही. असली अक्कल गरिबाला येत नाही, बाबांनो. तिला शिकलेलाच माणूस लागतो.

घराचं म्हणाल तर दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केलेत. २०१२ पासून सोडती निघतात. घरं लागलेत सोळा हजारांच्या आत. आता उरलेल्यांना शेलू-वांगणीकडं बोट दाखवतात. म्हणजे परत वेशीच्या बाहेर.

रस्ते मात्र तेच राहिले. तेवढेच रुंद, तेवढेच पूल. गिरणीच्या जागी काचेची हापिसं उभी केली आणि त्यांतली हजारो माणसं त्याच अरुंद जिन्यावर सोडली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. मग लष्कराला बोलावून नवा पूल बांधला. पुढच्या साली स्टेशनची पाटी बदलून प्रभादेवी केली. नाव चांगलं आहे. पण पूल माणसं मरायच्या आधी बांधता आला असता.

गेल्या वर्षी आज्जा मुंबईला आला. म्हणाला, मला गिरणी दाखव. कुठली गिरणी ते सांगत नाही, आता तिथं काचेचा बाजार आहे. चिमणी ठेवलीय, शोभेला. तिच्यावर रात्री लाइट सोडतात. आज्जा धोतर-टोपीत, मी गोदीच्या कपड्यांत. फाटकात शिपाई आडवा आला.

"कुठं जायचंय?"

"बघायचंय," मी म्हणालो.

"काय बघायचंय?"

आज्जा म्हणाला, "माझं काम बघायचंय."

पोरगा गोंधळला. मग हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठले?"

"माळशिरसकडचा."

"मी सांगोल्याचा." त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "जयभीम बाबा. जा आत, पण लवकर या. मला ठेकेदार काढून टाकेल."

आज्जा आत गेलाच नाही. फाटकाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. म्हणाला, "हितं बदलीवाले हुबं ऱ्हायचे." आणि मी बघितलं तर तिथं दहा-बारा पोरं उभी होती. पाठीवर खोक्यासारख्या पिशव्या, हातात मोबाईल. जेवण पोचवणारी पोरं. मोबाईल वाजला की एक जण पळायचा, बाकीचे थांबायचे. आज्जानं विचारलं, "ह्यास्नी हजेरी मिळती का?" मी म्हणालो, "न्हाई. वाजला तर काम, न्हाई तर उभं." आज्जा म्हणाला, "मंग गिरणी चालूच हाय की."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. तो शिपाई, ती पोरं, मी गोदीतला ठेक्याचा. आम्ही तिघंही त्याच रस्त्यावर काम करतो आणि तिघांनाही त्या रस्त्यावर राहता येत नाही.

आता आपल्या घरातलं बोलतो. कडू लागलं तर लागू द्या. इंदू मिलची साडेबारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी आपण झगडून मिळवली. डिसेंबर २०११ मध्ये आपली पोरं फाटक ओलांडून आत घुसली, तेव्हा सरकार हललं. गिरणीची ही एक जागा लोकांनी मागून घेतली. मला तिचा अभिमान आहे. पुतळा होऊ द्या, उंच होऊ द्या. पण त्या पुतळ्याच्या सावलीत राहणार कोण? ज्या माणसानं परळच्या चाळीत राहून आपल्यासाठी लिहिलं, त्याच्या स्मारकाच्या आसपास चाळीतल्या माणसाला खोली परवडू नये, हे त्या माणसाला आवडलं असतं का? पुतळा मागताना आपला गळा जेवढा मोठा होतो तेवढा खोली मागताना का होत नाही? मी हा प्रश्न आपल्या पुढाऱ्यांना विचारला तर म्हणाले, तू अजून लहान आहेस.

बीडीडीच्या चाळी पाडून आता टॉवर उठतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट. चांगलं झालं, वाईट म्हणायचं काय कारण? ज्यांना मिळालं त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, विकू नका. दलाल दारात उभा आहे. तो मोठा आकडा सांगेल. त्या आकड्यातून पोरीचं लग्न होईल, गावाकडं बंगला होईल, आणि रस्त्यावरची तुमची शेवटची खिडकी जाईल. आमच्याकडं विकायलाही काही नाही. आज्जा मावसभावाच्या खोलीत चौदावा होता, कागदावर नव्हता.

कागद. हेच सांगायला मी मुंबईहून आलो. आज्ज्याचा गिरणीचा पास त्यानं तीस-पस्तीस वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. एका पावसाळ्यात पेटीत पाणी गेलं. नाव पुसलं, नंबर पुसला, फोटोतला चेहरा तेवढा अर्धा राहिला. अर्ज करायला गेलो तर म्हणाले, ह्याच्यावर काय वाचता येतंय? खरं होतं त्यांचं. काही वाचता येत नव्हतं.

म्हणून माझं मागणं एवढंच. इथं मागं भिंतीला टेकून चार म्हातारे बसलेत. मी आल्या आल्या विचारलं. तिघं गिरणीत होते, एक गोदीत. आज सभा संपल्यावर कुणी लगेच घरी जायचं नाही. एकेकानं एकेका म्हाताऱ्याजवळ वही घेऊन बसायचं. कुठली गिरणी, कुठलं खातं, कुठल्या गल्लीत राहिला, खोलीत कोण कोण होतं, पगार किती, १९७४ ला कुठं होता, १९८२ ला काय विकलं. गल्लीचं नाव तो सांगेल तेच लिहा, पाटीवरचं नको. घरी पास असेल, फंडाची चिठ्ठी असेल, जुनं रेशनकार्ड असेल, तर उद्या सकाळी तालुक्याच्या गावात त्याची झेरॉक्स काढा. दोन काढा. एक माझ्याकडं पाठवा.

मी माझ्या आज्ज्यापासून सुरुवात केलीय. ऐंशी पानी वही आहे, बावीस पानं झालीत. तो बोलता बोलता झोपतो.

चला, सतरंजी इकडं ओढा. पेन कुणाकुणाकडं आहे?

जयभीम.